जिनिंगचा कम्प्युटर

आमच्या घरात सगळे ओरडून बोलत. बाबा दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. कापसाच्या हंगामात तिथल्या मशिनी अशा घरघरत की शेजारी उभ्या माणसाशीही कानाला लागून बोलावं लागे. वर्षानुवर्षं त्या आवाजात राहून बाबांचे कान गेले. पुरते गेले असते तर बरं झालं असतं, ते अर्धवट गेले. जाड आवाज त्यांना ऐकू येई, बारीक आवाज मुळीच येत नसे. माझा थोरला भाऊ नितीन, त्याचा आवाज जाड, तो ऐकू जाई. आईचा आवाज तर गल्लीच्या या टोकाहून त्या टोकाला पोचणारा. माझा बारीक. मी घसा फाटेस्तोवर ओरडले तरी बाबा माझ्या ओठांकडे बघून हसत आणि आईकडे वळून विचारत, "काय म्हणते पोरगी?" मग आई सांगे. जन्मल्यापासून माझं बाबांशी जे काही बोलणं झालं, ते सगळं आईच्या तोंडून झालं. ती काय सांगते याकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं, आणि त्याबद्दल मी स्वतःला दोषही देणार नाही. आईच्या बोलण्यावर पहारा कोण ठेवतं?

संध्याकाळी बाबा घरी येत ते भुवयांवर, कानांवर, छातीच्या केसांवर रुई घेऊन. आई त्यांना अंगणातच उभं करून टॉवेलनं झटकायची आणि मगच आत घ्यायची. तरीही रुई घरात येईच. ज्वारीच्या भाकरीवर एखादा तंतू चिकटलेला दिसला की आम्ही तो काढून जवसाच्या चटणीला भाकर लावायचो, त्यात कुणाला काही वाटत नसे. सकाळी चहाबरोबर बाबा पेपर वाचत. सातवीपर्यंत शिकलेले होते, पण चष्मा त्यांनी हट्टानं केला नाही. बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून ते फक्त मोठे मथळे वाचत, आणि मनात वाचणं त्यांना ठाऊकच नव्हतं. एकेक शब्द तोडून, मशिनीवर ओरडायच्या आवाजात ते मथळे वाचत आणि गल्लीतल्या चार घरांना पेपर विकत घ्यायची गरज पडत नसे.

कम्प्युटर आला तो हंगाम संपल्यावर. जिनिंगच्या ऑफिसात नवीन मशिनी आल्या, तेव्हा शेठनं जुनी एक बाबांना दिली. मालवाहू ऑटोतून ती आमच्या दारात उतरली. पाठीला कुबड असलेला मॉनिटर, डबा, पिवळा पडलेला कीबोर्ड. ऑफिसवाल्यांनी रुईपासून जपायचं म्हणून त्या डब्याला जाड कापडाची खोळ शिवून घातली होती, मागचीपुढची सगळी भोकं बंद. आत रुई जायची ती गेलीच, हवा तेवढी जायची थांबली. बाबांनी ते सगळं नितीनच्या पुढ्यात ठेवलं, कारण कम्प्युटर म्हणजे मुलाची वस्तू. नितीन यवतमाळला डिप्लोमा करत होता, म्हणजे नापास होऊन घरी आला होता. त्यानं बटण दाबलं, डब्यानं कण्हल्यासारखा आवाज केला, पडदा निळा होऊन थिजला. नितीन म्हणाला, "भंगार हाये बाबा हे. फेकून द्या." बाबांनी फेकलं नाही. आईनं डबा स्वयंपाकघरात नेला आणि त्यावर पिठाची कोठी ठेवली. उंची अगदी बरोबर होती.

मला त्या वेळी दुसरीच आग लागलेली होती. बारावीनंतर मी बाजारातल्या इन्स्टिट्यूटमध्ये मराठी टायपिंग शिकत होते. परीक्षेचा फॉर्म भरून झाला होता, बोटं कुठे बसायला लागली होती, तेवढ्यात नितीनला कुणीतरी सांगितलं की तुझ्या बहिणीच्या क्लासखाली पानठेला आहे आणि तिथं पोरं उभी असतात. पोरं उभी होती म्हणून माझा क्लास बंद झाला. पानठेला चालू राहिला. नितीन स्वतः तिथं तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घ्यायचा, हे मी त्याच्या तोंडावर म्हटलं तर आई म्हणाली, "भावाशी असं बोलतात का वं?" बाबांचा निकाल आईनं मला आणून दिला: परीक्षा दिवाळीनंतर आहे तर द्यावी, पास झाली तर नोकरीचे अर्ज करावेत, नाही तर उन्हाळ्यात लग्न. घरी बसून, मशीन नसताना, टायपिंगची परीक्षा पास कशी व्हायची, हे विचारायला मला आवाज नव्हता.

सुनीता माझ्याबरोबर शाळेत होती. दिग्रसजवळच्या तांड्यातली. घरी आपल्या याडीशी, म्हणजे आईशी, बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलायची, आमच्याशी आमच्यासारखं, आणि शिव्या दोन्ही भाषांत द्यायची. ती पुसदला कम्प्युटरचा कोर्स करत होती. एकदा सुट्टीत ती आमच्या घरी आली, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच ओरडली, "वंदे, हे काय करून ठेवलं? याच्यावर पीठ ठेवता तुमी लोकं?"

"मेलेला हाये तो. नितीनभाऊनं पाह्यला."

"त्यानं काय पाह्यलं असन? कोठी उचल."

आम्ही डबा अंगणात नेला आणि त्याचे स्क्रू काढले. आत मशीन दिसतच नव्हती, नुसती रुई. गादीच शिवावी एवढी. काळी पडलेली नसती तर आईनं तिच्या वाती वळल्या असत्या. सुनीतानं रंगाच्या ब्रशानं आणि मी सायकलच्या पंपानं ती रुई काढली. पंखा जाम झाला होता, त्यात आईच्या शिलाई मशीनचं तेल सोडलं. मेमरीची पट्टी तिनं उपसून काढली आणि तिचे पिवळे दात खोडरबरानं घासले. मी हसले तर म्हणाली, "हस नको. आमचे सर बी हेच करतात." मग डबा पुन्हा बंद केला, बटण दाबलं, आणि तो सुरू झाला, पण तसाच, पाय ओढत. आधीचं विंडोज त्याला पेलत नव्हतं. एक खिडकी उघडायची तर भाकर थापून होई.

"याचा जीव एवढासा, अन् वझं केवढं," सुनीता म्हणाली. पुढच्या खेपेला तिनं एक सीडी आणली. जुन्या, अशक्त मशिनींसाठी बनवलेलं हलकं लिनक्स होतं ते. फुकट मिळतं, असं तिनं सांगितल्यावर माझा विश्वास बसला नव्हता. मशीन सुरू होताना एक कळ दाबायची, मग ती आधी सीडी वाचते, हे तिनं मला दाखवलं आणि बाजूला झाली. "तूच कर. मी गेल्यावर बिघडलं तर कोन करन?" काळ्या पडद्यावरून पांढऱ्या ओळी पळू लागल्या. त्यातली एकही मला समजत नव्हती, पण मी जागची हलले नाही. आई दोनदा हाक मारून गेली. शेवटी पडदा उजळला. साधा राखाडी, खाली एक पट्टी, बस. मी माऊस हलवला आणि बाण लगेच हलला, वाट न बघायला लावता. मला रडू आलं. सुनीतानं पाठीत धपाटा घातला.

तिनं मराठीची सोय घालून दिली, परीक्षेत असते तशीच. मी दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी कापून प्रत्येक कळीवर लावली आणि पेनानं अक्षरं लिहिली. पडदा आपोआप काळा झाला की तो म्हातारा मॉनिटर पुन्हा उजळत नसे, म्हणून सुनीतानं तेही बंद करून टाकलं. आता तो चालू केला की लाइट जाईपर्यंत किंवा आपण बंद करेपर्यंत उजळलेला राही. लाइट तर आमच्याकडे रोजच जाई.

त्या संध्याकाळी बाबा आले तेव्हा मी अंगणातच धावले. अंगावरची रुई झटकायच्या आधीच त्यांचा हात धरून आत आणलं, पडद्यासमोर उभं केलं आणि सांगू लागले, रुई, पंखा, सीडी, सगळं. बाबांचं तोंड आश्चर्यानं उघडं राहिलं होतं. ते आईकडे वळले. "काय म्हणते पोरगी?"

आई हात पुसत दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग खाटेवर पडलेल्या नितीनकडे पाहिलं, आणि आपल्या त्या गल्लीभर जाणाऱ्या आवाजात म्हणाली, "नितीननं चालू केला म्हणते!"

बाबांनी नितीनच्या पाठीवर थाप मारली. परीक्षेत नापास झाल्यापासून ते त्याच्याशी धड बोलले नव्हते. नितीन उठून बसला, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मान खाली घालून हसला. नाही म्हणायला त्याला एक शब्द पुरला असता, आणि त्याचा आवाज तर बाबांना ऐकू जात होता.

मी ओरडले. खूप ओरडले. पण आमच्या घरात सगळेच ओरडतात, त्यामुळे शेजारणीनं डोकंही वर केलं नाही. बाबांना वाटलं मी आनंदानं ओरडते आहे. त्यांनी माझ्याही डोक्यावरून हात फिरवला.

स्वयंपाकघरात मी आईला गाठलं. ती पिठलं हाटत होती, पाठमोरी. मी विचारलं, "काहून खोटं सांगतलं?"

"हळू बोल."

"बाबाले ऐकू येते का हळू न् जोरात? काहून सांगतलं ते सांग."

"पोरगा खचून गेला हाये," आई म्हणाली. "बापानं त्याले एकदा तरी चांगलं म्हणाव का नाई? तुयं काय अडलं त्यात? तुले काय, तू परक्या घरी जाशीन. त्याले इथंच राहाचं हाये."

पिठलं खदखदत होतं. मी ताट न घेता उठून गेले. तिनं मला जेवायला बोलावलं नाही, आणि मला वाटतं त्या दिवशी तिला माझी भूक दिसलीच नाही, एवढी ती मुलाच्या ताटाकडे बघत होती.

लोक म्हणतात, वय झालं की राग निवतो. माझे केस पांढरे व्हायला लागले, पण हा राग निवलेला नाही आणि तो निवावा अशी माझी इच्छाही नाही. नितीनवरचा राग सोपा होता. आळशी भाऊ घरोघरी असतात. आईवरचा राग अवघड. तिनं माझ्या तोंडचं वाक्य घेतलं, त्यातलं माझं नाव काढलं, मुलाचं घातलं, आणि ते माझंच म्हणून बापाला दिलं. चोर निदान आपल्या घरी नेऊन लपवतो. आता आईलाच ऐकू येत नाही. कुणी भेटायला आलं की ती माझ्याकडे वळून विचारते, "काय म्हणून राह्यले?" मी तिला सांगते, जसं बोलले तसं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. तिला ते आवडत नाही.

त्यानंतर मी टायपिंगशिवाय काही केलं नाही. पहाटे धुणं, मग स्वयंपाक, आणि दुपारी घर रिकामं झालं की मशीन. लाइट गेली की बंद पडलेल्या कीबोर्डवरही बोटं चालवायची. चिकटपट्टीवरची अक्षरं घामानं पुसून गेली, पुन्हा लिहिली, पुन्हा पुसली, शेवटी लिहायची गरज उरली नाही. आणि या सगळ्या काळात गल्लीतले लोक येऊन नितीनला विचारत होते, "काय जादू केली बे?" तो म्हणायचा, "थोडं सेटिंग होतं." सेटिंग! एकदा लिनक्सची भाषा बदलून बसली तर हाच मला हळूच विचारायला आला होता, इंग्रजी परत कसं आणायचं. मी सांगितलं नाही. तो दिवसभर पडद्याकडे बघत बसला आणि निघून गेला.

नवरात्रात तो एक नवं टुमणं घेऊन आला. तहसीलजवळ मित्राच्या दुकानात एक टेबल मिळत होतं; लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायचा धंदा करायचा, दसऱ्याच्या मुहूर्तावर. मशीन? मशीन घरचीच, आपणच तर चालू केलेली. बाबा खूश झाले. पोरगा हातपाय हलवायला लागला. मी आईला म्हटलं, "मायी परीक्षा हाये दिवाळीनंतर. बाबाले सांग." आईनं बाबांना जे सांगितलं ते मी या वेळी कान देऊन ऐकलं. ती म्हणाली, "ते म्हणते, भाऊचं चांगलं होऊ द्या!"

त्या क्षणी मला कळलं की या घरात मी मेले तरी त्याची बातमी आईच देणार आणि ती आपल्या सोयीनं देणार.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. बाबा आपले पाने, हातोड्या, पकडी घासूनपुसून पाटावर मांडत. आईची शिलाई मशीन, विळा, नितीनची मोटरसायकल, सगळं धुवून झेंडूच्या माळा. आमच्या घरची रीत अशी की ज्याचं हत्यार त्यानंच आपल्या हातानं कुंकू लावायचं. आणि एकदा कुंकू लागलं की दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघनापर्यंत त्या वस्तूला कुणीही हात लावायचा नाही, ती जशी असेल तशी राहू द्यायची. बाबा याबाबतीत फार कडक. एका वर्षी पूजेनंतर नळ फुटला तर सगळ्या घरात पाणी झालं, पण त्यांनी पान्याला हात लावला नाही.

पुरण शिजल्याचा वास घरभर होता. बाबांनी आपल्या हत्यारांना कुंकू लावलं, आईनं मशीनला आणि विळ्याला. मग बाबांनी कुंकवाचं ताट उचललं, कम्प्युटरजवळ आले आणि ते ताट नितीनपुढे धरलं. "लाव. उद्या तुयं दुकान."

नितीननं बोट कुंकवात बुडवलं. ते बोट टेकलं असतं तर मशीन त्याची झाली असती, रीतीनं, देवासमोर, आणि दुसऱ्या दिवशी तिला दारातून जाताना बघणं एवढंच माझ्या हातात उरलं असतं. मी मध्ये जाऊन बसले आणि बटण दाबलं.

"वंदे, ऊठ," आई म्हणाली. "पूजा खोळंबली."

मी उठले नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी पळू लागल्या. बाबा ताट धरून उभेच होते, त्यांना वाटलं हे पूजेतलंच काही असेल. नितीनचं बोट लाल, हवेत. आईनं माझा दंड धरून ओढलं. मी तिचा हात झटकला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. मग पडदा उजळला आणि मी लिहायचं पान उघडून अक्षरं मोठी केली, आणखी मोठी केली, पेपरच्या मथळ्याहून मोठी, आणि टाइप केलं.

बाबा पुढे झुकले. मोठी अक्षरं दिसली की ती वाचल्याशिवाय त्यांना राहवतच नसे. "बाबा... हा... कम्प्युटर... मी... चालू... केला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढचं टाइप केलं. माझी बोटं थांबत नव्हती, एकही कळ चुकली नाही. "नितीनने... नाही... आईला... माहीत... आहे." जिनिंगच्या आवाजावर मात करणारा तो आवाज गल्लीत गेला. शेजारीण हातातली परात घेऊन दारात आली, तिच्यामागे तिची सून.

"खरं हाये का?" बाबांनी नितीनला विचारलं. नितीननं बोटाचं कुंकू पॅन्टला पुसलं. ते उत्तर पुरेसं होतं. मग बाबा आईकडे वळले.

आईचा आवाज त्या दिवशी मी पहिल्यांदा बारीक झालेला ऐकला. माझ्याएवढा बारीक. जमिनीकडे बघत ती म्हणाली, "मीच खोटं सांगतलं. पोरासाठी."

बाबांनी कानामागे हात धरला, ओठ बघायचा प्रयत्न केला, आणि सवयीनं सांगणारं माणूस शोधू लागले. सांगणारी तर समोरच गप्प उभी होती. मग त्यांची नजर माझ्यावर आली. "काय म्हणते तुयी आई?"

मी आधीचं सगळं पुसलं. आईचं वाक्य टाइप केलं, ती बोलली तसं, त्यात माझं काही घातलं नाही, तिचं काही गाळलं नाही. बाबांनी तेही मोठ्यानं वाचलं.

चुलीवर पुरण लागल्याचा वास आला तरी आई हलली नाही. बाबांनी ताट माझ्यापुढे धरलं. मी कुंकू घेतलं आणि डब्याला लावलं, मॉनिटरला लावलं, कीबोर्डच्या कडेला लावलं. मग रीतीप्रमाणे कुणालाच त्याला हात लावता येणार नव्हता, बंद करायलासुद्धा. दुपारी जेवायला मामा-मामी आले, संध्याकाळी जिनिंगमधले लोक आले, शेजारणी कारण काढून दोनदोनदा आल्या, आणि सगळ्यांनी पडद्यावरचं आईचं वाक्य वाचलं. आई वाढताना सारखी वरच्या बल्बकडे बघत होती. रोज जाणारी लाइट त्या दिवशी गेली नाही.